नव्या पिल्लाला डासांपासून जपताना

आपले घर सांगलीत कृष्णाकाठाजवळ आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून डासांचा विषय आधी घेतो. दाट केसांमुळे कुत्र्याला डास चावत नाहीत हा समज सोडून द्यावा. कानांची आतली बाजू, नाकाचा शेंडा आणि पोट येथे ते नेमके बसतात. खाज ही त्यातली किरकोळ बाब होय. डासांमार्फत हृदयजंताच्या अळ्या शरीरात शिरतात आणि साधारण ६ ते ७ महिन्यांत त्यांचे वीतभर लांब जंत होऊन हृदयात व फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ठाण मांडतात. त्यावरची प्रतिबंधक मात्रा दरमहा देता येते. मात्र ती पिल्लाचे वजन करून पशुवैद्यानेच ठरवावी, आणि मोठ्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करून घ्यावी.

शेजारी कडुनिंबाचे तेल हमखास सुचवतील, पण केवळ त्यावर विसंबू नये. माणसांचे डासप्रतिबंधक मलम चोळू नये, कारण ते चाटून पोटात जाते. घरात मांजर असल्यास कुत्र्याचे पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेले औषध तिला चुकूनही लावू नये. तिच्यासाठी ते विषच आहे.

पाण्याचे भांडे, कुंडीखालची ताटली आणि हौद दर आठवड्याला नुसते रिकामे न करता काथ्याने घासावेत, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.