घड्याळाचा ईसीजी आणि ‘इनकन्क्लुझिव्ह’ची धास्ती

स्मार्टवॉचवर काढलेल्या ईसीजीबद्दल तेच ते प्रश्न इतक्या जणांकडून येतात, की सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. आलेखाचे फोटो कृपया पाठवू नका. फोटोवरून मी निदान करत नाही.

प्रश्न : या आठवड्यात चार वेळा ईसीजी काढला, तीनदा ‘इनकन्क्लुझिव्ह’ आलं. हृदयात दोष असेल का? (वय ४४)

यावरून सांगता येत नाही, आणि घड्याळही तेच म्हणतंय. ३० सेकंदांची ती नोंद त्याला धड वाचता आली नाही, इतकंच. कारण बऱ्याचदा साधं असतं. पट्टा सैल असतो, मनगटाला घाम किंवा लोशन असतं, माणूस बोलत असतो. पाच मिनिटं शांत बसा. दोन्ही हात टेबलावर टेकवा, कारण अधांतरी धरलेल्या हाताच्या स्नायूंची वीजही नोंदीत मिसळते. मनगट आणि घड्याळाची मागची बाजू पुसून कोरडी करा, पट्टा थोडा आवळा. बोट टेकवायचं, दाबायचं नाही. घड्याळ कोणत्या मनगटावर आहे ते ॲपमध्ये बरोबर निवडलंय ना, हेही पाहा.

एवढं करूनही तेच येत राहिलं, तर मधूनच पडणारे जादा ठोके किंवा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असं काही असू शकतं. ब्लॉक दवाखान्यातल्या साध्या बारा लीडच्या (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची दिशा) ईसीजीत लगेच दिसतो, जादा ठोक्यांसाठी कधी कधी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावावा लागतो. ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी रोज धावतो. बसल्यावर नाडी ४६ असते आणि घड्याळ कधीच नीट निकाल देत नाही.

देणारही नाही. गती ५० च्या खाली असली, की ही ॲप्स सहसा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) तपासतच नाहीत. वरची मर्यादाही असते, ॲपच्या आवृत्तीप्रमाणे १२० किंवा १५०. नियमित धावणाऱ्याची नाडी ४६ असणं नवलाचं नाही. मात्र चक्कर येत असेल, दम लागत असेल किंवा बीटा ब्लॉकरची (नाडी मंदावणारी) गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. त्यांना असं घड्याळ घेऊन द्यावं का?

ईसीजीसाठी नको. पेसमेकर असताना या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. पेसमेकरची तपासणी ठरलेल्या तारखेला करून घ्या.

प्रश्न : परवा रात्री यजमानांच्या छातीवर दडपण आलं. घड्याळाने दोनदा ‘इनकन्क्लुझिव्ह’ दाखवलं, तिसऱ्यांदा ‘सायनस ऱ्हिदम’. मग आम्ही झोपलो. आता बरं आहे. तरी तपासणी हवी का?

हवी, आणि आजच. खरं तर परवा रात्रीच हवी होती.

घड्याळ ठोक्यांची लय बघतं. ‘सायनस ऱ्हिदम’ म्हणजे हृदयाची नेहमीची, नियमित लय. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. त्या वेळी लय अगदी नियमित असू शकते. म्हणजे अटॅक चालू असताना मनगटावर ‘सायनस ऱ्हिदम’ झळकेल आणि लयीपुरतं ते बरोबरही असेल! हे उपकरण हार्ट अटॅक ओळखत नाही, असं ॲपमध्ये लिहिलेलं असतं. जाहिरातीत मात्र ते ठळक दिसत नाही.

दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा दिशांनी बघतो. घड्याळाकडे एकच लीड, दोन हातांमधली. हृदयाच्या पुढच्या किंवा खालच्या भिंतीत काय चाललंय ते तिच्यात दिसेलच असं नाही. अहो, अटॅकमध्ये बारा लीडचा पहिला ईसीजीसुद्धा कधी कधी नॉर्मल येतो! म्हणून आम्ही तो पुन्हा काढतो आणि ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्त घेतो. छातीत दुखणारा माणूस रुग्णालयात आला, की १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा असा आमच्याकडे दंडक आहे. आणि इथे मनासारखं उत्तर येईपर्यंत बोट टेकवत बसायचं?

आता बरं वाटतंय यावर जाऊ नका. असं येऊन गेलेलं दडपण पुढच्या अटॅकची सूचना असू शकतं. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अचानक दम, शुद्ध हरपणं, यांतलं काहीही झालं तर घड्याळाकडे बघायचंच नाही. रुग्णवाहिका बोलवायची, स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसता दम किंवा मळमळही होते. ‘गॅस झाला असेल’ हे तपासणीनंतर ठरवायचं असतं, आधी नाही.

प्रश्न : एकदा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ आलं, नंतर दोनदा ‘इनकन्क्लुझिव्ह’. मेहुणे म्हणतात, ॲस्पिरिन सुरू कर. (वय ६७)

मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि ॲस्पिरिन सुरू करू नका. ही लय येते-जाते, त्यामुळे नंतरच्या नोंदींनी पहिली रद्द होत नाही. फिब्रिलेशन खरंच असेल, तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. त्यासाठीची रक्त पातळ ठेवणारी औषधं वेगळी आहेत आणि ती वय, रक्तदाब, मधुमेह पाहून ठरवतात.

पण घड्याळाने नाव दिलं म्हणजे निदान झालं, असंही नाही. आलेख डॉक्टरांनी वाचावा लागतो. त्या पहिल्या नोंदीची पीडीएफ ॲपमध्ये मिळेल, ती छापून याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, तेही लिहून न्या.

प्रश्न : माझ्या स्वस्तातल्या बँडवर ईसीजीची रेघ सतत धावते. कधीच ‘इनकन्क्लुझिव्ह’ येत नाही. मग हा जास्त चांगला का?

नाही. मनगटावर ईसीजी काढायला दुसऱ्या हाताचं बोट टेकवायला धातूची जागा लागते. तशी जागा तुमच्या बँडवर नसेल, तर तो फक्त हिरव्या प्रकाशाने नाडी मोजतो आणि वरची रेघ ही सजावट आहे. धडधड होते म्हणून बँड घेतला असेल, तर तो बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जाऊन खरा ईसीजी काढा.