अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश गुणवत्तेवर नेमतात की राजकारणावर? आपल्या कॉलेजियमपेक्षा ती पद्धत बरी का?

राजकारणावर. नाव राष्ट्राध्यक्ष पाठवतात, सिनेटची न्यायसमिती उमेदवाराची सुनावणी घेते आणि मग सिनेट मतदान करते. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग इथे संपला. दुसऱ्या भागावरून मात्र माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं २०१८पासून भांडण चालू आहे, त्यामुळे जरा लांबेल.

भाऊजी साताऱ्यात वकिली करतात. मी न्यू जर्सीत एका छोट्या वकिली ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. २०१८च्या सप्टेंबरात त्यांनी ब्रेट कॅव्हानॉ यांची सुप्रीम कोर्टासाठीची सुनावणी रात्र जागून यूट्यूबवर पाहिली आणि सकाळी फोन केला. "वहिनी, याला म्हणतात लोकशाही! आमच्याकडं कॉलेजियमचे पाच जज्ज बंद खोलीत बसतात आणि यादी बाहेर येते. कुणाला घेतलं, कुणाला का गाळलं, कुणी ब्र काढत नाही." मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही लग्न पाहिलंत, याद्यांची बैठक पाहिली नाहीत. त्यांना ते पटलं नाही. गणपतीत, दिवाळीत, व्हॉट्सॲपवर, कुठेही विषय निघाला की त्यांचं एकच पालुपद: तुमच्याकडं सगळं टीव्हीवर दिसतं.

पुढे कोविड सरल्यावर ते आणि जाऊबाई इकडे आले. जाऊबाईंना नायगरा बघायचा होता, भाऊजींना सिनेटची न्यायसमिती. शेवटी दोन्ही केलं. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या डर्क्सन बिल्डिंगमधल्या खोली क्रमांक २२६मध्ये न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची सुनावणी होते. सिनेटचं कामकाज चालू असेल तेव्हा बहुधा बुधवारी सकाळी, आणि कुणालाही जाऊन बसता येतं. भाऊजी कोर्टात जातात तसे पांढरा शर्ट घालून, वही घेऊन आले होते. आत गेल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. समितीत वीसेक सिनेटर, समोर बसलेले मोजून चार. बाकीचे मधेच येत, आपली पाच मिनिटं बोलत आणि निघून जात. आधी अपील कोर्टाचा उमेदवार, मग जिल्हा कोर्टांच्या (म्हणजे सगळ्यात खालच्या फेडरल कोर्टांच्या) उमेदवारांची एकत्र रांग. मागच्या खुर्च्यांवर त्यांचे आईवडील, नवरे-बायका, कोट घालून कंटाळलेली पोरं. कुठलाही टोकदार प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: हा मुद्दा उद्या माझ्यापुढे येऊ शकतो, त्यामुळे त्यावर बोलणं उचित होणार नाही. भाऊजी कुजबुजले, "आमच्या साक्षीदारांकडनं ही ओळ पाठ करून घ्यायला पाहिजे."

पण बाहेर कॉफी घेताना पुन्हा तेच. "काही म्हणा वहिनी, तो पीटरसन सापडला की नाही इथं?" हा त्यांचा हुकमाचा पत्ता, आणि तो खरा आहे. २०१७च्या डिसेंबरात ट्रम्प यांचे जिल्हा कोर्टाचे उमेदवार मॅथ्यू पीटरसन यांना लुईझियानाचे सिनेटर जॉन केनेडी यांनी खटल्यातल्या अगदी प्राथमिक गोष्टी विचारल्या. पीटरसन यांनी आयुष्यात एकही खटला चालवलेला नव्हता. दोघेही रिपब्लिकन, तरी केनेडींनी सोडलं नाही आणि काही दिवसांत पीटरसन यांनी माघार घेतली. आपल्याकडे हे होणार नाही, मान्य.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या खोलीपर्यंत जो पोचला, तो दिसतो. जो कधी पोचलाच नाही, त्याचं काय? टीव्हीवर सगळं दिसतं म्हणणाऱ्यांनी मेरिक गारलंड यांची सुप्रीम कोर्टासाठीची सुनावणी शोधून दाखवावी. सापडणार नाही, कारण ती झालीच नाही. ओबामांनी १६ मार्च २०१६ला नाव पाठवलं, रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये ते २९३ दिवस पडून राहिलं आणि नव्या सिनेटबरोबर आपोआप रद्द झालं. एकाही सिनेटरला त्यांच्याविरुद्ध मत द्यावं लागलं नाही. या खेळात खुर्ची रिकामी ठेवणं हेच मोठं हत्यार आहे आणि ते बिनआवाजाचं आहे.

गारलंड निदान बातम्यांत तरी होते. जिल्हा कोर्टात हेच काम एका निळ्या कागदावर होतं. ज्या राज्यात जागा रिकामी, तिथल्या दोन्ही सिनेटरांना समिती निळी चिठ्ठी पाठवते. ती सही होऊन परत आली नाही, की सुनावणी लागत नाही. कारण द्यावं लागत नाही. राज्यघटनेत याबद्दल अक्षर नाही, शंभरेक वर्षांची वहिवाट आहे. अपील कोर्टांसाठी रिपब्लिकनांनी ती २०१७-१८मध्ये गुंडाळली. जिल्हा कोर्टांसाठी मात्र अजून पाळतात. २०२५मध्ये ट्रम्प यांनी चिडून ती बंद करण्याची जाहीर मागणी केली, तरी त्यांच्याच पक्षाचे समिती-अध्यक्ष ग्रासली यांनी ती सोडली नाही. उद्या आपण विरोधात बसलो तर चिठ्ठी लागेल, हे त्यांना कळतं.

आमच्या न्यू जर्सीच्या फेडरल जिल्ह्यात न्यायाधीशांच्या १७ जागा. २०२१च्या सुरुवातीला त्यातल्या ६ रिकाम्या होत्या. व्हाइट हाउस रिपब्लिकन, दोन्ही सिनेटर डेमोक्रॅट, एकमत झालं नाही आणि ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत इथे एकही नवा न्यायाधीश बसला नाही. फौजदारी खटल्यांना कायद्याने मुदत असते, ते पुढे जातात. थांबतात ते दिवाणी. नोकरीतून काढलेले, विमा कंपनीने पैसे नाकारलेले, असे अशील "आमचं काय झालं?" विचारायला फोन करायचे आणि ते फोन मी घ्यायचे. त्यांना निळ्या चिठ्ठीबद्दल काय सांगणार? मग डेमोक्रॅट बायडेन आले, सिनेटर तेच होते आणि जागा भराभर भरल्या. झाहिद कुरेशी तर त्याच कोर्टात मॅजिस्ट्रेट जज्ज म्हणून आधीपासून बसत होते. जून २०२१मध्ये ते ८१ विरुद्ध १६ मतांनी पक्के झाले.

डायेन गुजराती यांचं बघा. ओबामांनी २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या एका जिल्हा कोर्टासाठी त्यांचं नाव पाठवलं, ते बारगळलं. ट्रम्प यांनी २०१८मध्ये पुन्हा पाठवलं. सप्टेंबर २०२०मध्ये मतदान झालं तेव्हा ९९ विरुद्ध शून्य. विरोधात एक मत नाही अशा बाईंना चार वर्षं लागली! यात गुणवत्ता कुठे मोजली गेली, सांगा.

आणि अदील मंगी. न्यू जर्सीच्या अपील कोर्टाच्या जागेसाठी बायडेन यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांना निवडलं. झाले असते तर कुठल्याही फेडरल अपील कोर्टातले पहिले मुस्लिम न्यायाधीश. ते रटगर्स विद्यापीठातल्या एका केंद्राच्या सल्लागार मंडळावर होते, तेवढ्यावरून सुनावणीत रिपब्लिकन सिनेटरांनी त्यांना हमास आणि ९/११वरून धारेवर धरलं. ही सुनावणी भाऊजींनी पाहिली आणि त्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला नाही. नाव शेवटी पडलं ते रिपब्लिकनांमुळे नाही, स्वतःच्याच तीन डेमोक्रॅट सिनेटरांनी पाठ फिरवल्यामुळे. २०१३पासून खालच्या कोर्टांना साधं बहुमत पुरतं, तरी तेवढंही जमलं नाही. त्या जागेवर २०२५च्या जुलैमध्ये ट्रम्प यांचे स्वतःचे वकील राहिलेले एमिल बोव्ही ५० विरुद्ध ४९ मतांनी आले. तहहयात.

आता कॉलेजियम. बंद खोली वाईटच, भाऊजींशी त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडेही खोलीतून बाहेर आलेलं नाव अडतं कुठे? सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२मध्ये सुचवलं. सरकारने त्यांच्या सोशल मीडियावरच्या मतांवर बोट ठेवलं. जानेवारी २०२३मध्ये कॉलेजियमने पुन्हा तेच नाव पाठवलं आणि नेमणूक झाली नोव्हेंबरात. इकडे सिनेटर चिठ्ठी दाबतो, तिकडे मंत्रालय फाईल दाबतं. सुनावणी टीव्हीवर दाखवून यातलं काय सुधारणार आहे? दोन्हीकडे मुदत घालावी आणि नाव अडवणाऱ्याला कारण लेखी द्यायला लावावं. भाऊजी म्हणतात, "लेखी दिलं तर सगळेच खोटं लिहितील." लिहू देत. खोट्यावर निदान सही तरी असेल.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल तर सुनावणीच्या क्लिपा बघण्यात वेळ घालवू नका. अमेरिकी न्यायालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर रिकाम्या जागांची यादी असते: कुठली जागा कधीपासून रिकामी आणि त्यावर कुणाचं नाव गेलंय की नाही. त्याशेजारी त्या राज्याच्या सिनेटरांचे पक्ष मांडा. भाऊजींना हे मी कितीदा सांगितलंय. सध्या ते कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्याच्या आनंदात आहेत. आनंद रास्त आहे, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर ९४ जागांपैकी भरलेल्या किती, हेही त्यांनी एकदा बघावं.

हो, हे सगळं फक्त तहहयात न्यायाधीशांबद्दल. दिवाळखोरी कोर्टाचे जज्ज १४ वर्षांसाठी अपील कोर्ट नेमतं, मॅजिस्ट्रेट जज्ज ८ वर्षांसाठी जिल्हा कोर्टाचे न्यायाधीश नेमतात. त्यांचा सिनेटशी संबंध येत नाही. आणि २०२०मध्ये आमच्या फायली रखडल्या त्यात कोविडचाही वाटा होता, तो मी वर लिहिला नाही.