सेंट्रल एसी असूनही घरात आर्द्रता ६५-७० टक्के राहते. डक्टला जोडायचा डीह्युमिडिफायर घ्यावा का? किती लिटरचा?

घ्या. हवेतलं पाणी काढून घेणारं हे मशीनच तुम्हाला हवंय. एसीचं तापमान आणखी खाली नेऊ नका, आणि "जास्त टनांचा एसी बसवा" असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. रागाने लिहितेय हे खरं आहे, पण राग जुना आणि पुराव्यासकट आहे.

आमच्याकडे अगदी हेच होतं. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी, चादरी अंगाला चिकटायच्या. मोठे दीर या विषयातले घरचे तज्ज्ञ (हे पद एकदा मिळालं की काढून घेता येत नाही). त्यांचं निदान, एसी लहान पडतोय. मी म्हणत होते, भाऊजी, गारवा पुरतोय, हवेतलं पाणी निघत नाहीये. ते म्हणाले, गारवा वाढला की पाणी आपोआप निघेल. मोठा एसी आला. घर झटक्यात गार व्हायला लागलं आणि आधीपेक्षा जास्त दमट झालं.

मी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, आणला, तर "असली खेळणी काहीही दाखवतात." मग बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, नुसतं ओलं होईल एवढंच पाणी टाकलं, झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवले. अशा पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७७ दाखवत होता. त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून 'वजा २' लिहिलं आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. तर म्हणाले, पंखा 'ऑटो'वर आहे म्हणून होतंय, 'ऑन' करा, हवा फिरती राहील. केला. त्यानंतर कॉम्प्रेसर थांबला रे थांबला की आकडा चढायला लागायचा.

शेवटी मी एसीच्या ड्रेन पाइपखाली भांडं लावून बसले. कॉम्प्रेसर सुरू झाला तरी बराच वेळ थेंबही पडत नाही. आधी कॉइलच्या (एसीतल्या गार नळ्यांच्या जाळीच्या) पातळ पत्र्यांवर पाणी धरतं, मग खालचा ट्रे भरतो, मग कुठे टपटप सुरू होते. आमचा नवा एसी नेमका त्याच सुमारास खोली गार करून मोकळा व्हायचा. कॉइल ओली ती ओलीच, आणि 'ऑन'वरचा पंखा तिच्यावरून हवा मारतोय, ओला टॉवेल पंख्याखाली वाळत घालावा तसा. सगळा ओलावा परत खोल्यांत. भाऊजींनी भांड्यात वाकून पाहिलं आणि विषय बदलला.

एसी थर्मोस्टॅटचं ऐकतो, आर्द्रतेचं नाही. ज्या दिवशी बाहेर फार ऊन नाही पण हवा ओली आहे, त्या दिवशी तो चालतच नाही, आणि बुरशीला तेच हवं असतं. डीह्युमिडिफायर फक्त आर्द्रता बघून चालतो. सेटिंग ५० टक्के ठेवा. त्याच्या खाली नेण्याचा हट्ट नको, वीज जाते आणि हाती फारसं लागत नाही.

लिटरचा आकडा घर न बघता सांगणं अवघड आहे, पण हिशेबाची रीत सांगते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. आत २५ अंशांना ५० टक्के हवे असतील तर साडेअकरा. म्हणजे आत येणारा प्रत्येक घनमीटर साधारण साडेबारा ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येतो. ३०० घनमीटरच्या घरात तासाला निम्मी हवा फटींतून बदलत असेल, तर दिवसाला पंचेचाळीसेक लिटर झाले. अंघोळी, स्वयंपाक आणि माणसांचे श्वास वेगळे. म्हणून आधी फटी बुजवा, मग मशीन निवडा. आणि अशा हवेत "खिडक्या उघडा, हवा खेळती राहू दे" हे भाऊजींचं दुसरं पालुपद तर मुळीच ऐकू नका.

जाहिरातीतले लिटर कोणत्या हवेत मोजलेत ते विचारा. ३० अंश-८० टक्क्यांत मोजलेला आकडा तुमच्या घरातल्या हवेत बराच खाली येतो. जोडणीत कोरडी हवा एसीच्या कॉइलच्या पुढे, सप्लाय डक्टमध्ये (गार हवा खोल्यांत नेणाऱ्या) सोडायला सांगा. रिटर्नमध्ये (खोल्यांतली हवा एसीकडे परत नेणाऱ्या डक्टमध्ये) सोडली तर तीच कोरडी, कोमट हवा ओल्या कॉइलवरून जाते आणि तिथलं पाणी पुन्हा उचलते.

हे आधीच सांगायला हवं होतं: हे मशीन घर थोडं गरम करतं. एक लिटर पाणी काढताना साधारण ०.७ युनिट विजेइतकी उष्णता घरात सुटते, शिवाय मशीन स्वतः खातं ती वीज वेगळी. एसीला तेवढं जास्त चालावं लागेल, आणि ते चांगलंच आहे, जास्त वेळ चालला की तोही पाणी काढतो. त्रास एकाच खोलीत असेल तर डक्टच्या भानगडीत पडू नका, साधं सुटं मशीन पुरतं. भिंतीत पाणी मुरत असेल, तर आधी गळती काढा, नाहीतर मशीन जन्मभर ती भिंत वाळवत बसेल. आणि बसवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, निघालेलं पाणी कुठे सोडणार? "ते बघू नंतर" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बोलवा.