पीसीओएस: बर्बेरिनच्या कॅप्सूल की व्यायाम?

तू लिहिलंस ते असं: वय सव्वीस, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर केस आहेत, सोनोग्राफीत पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड, निघालं. डॉक्टरांनी "वजन कमी कर, व्यायाम कर" एवढंच सांगून पाठवलं. मावशीने दारुहळदीतल्या बर्बेरिनच्या कॅप्सूल आणून दिल्या, सोबत पुदिन्याचा चहा आणि दालचिनीही सुचवली. ऑफिस आणि लोकलमध्येच दिवस संपतो, मग नुसत्या वनस्पतींवर भागेल का?

भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मला स्वतःला कॉलेजपासून पीसीओएस आहे आणि फिजिओथेरपीच्या कामात अशा मुली सतत भेटतात. पण वनस्पतींत काही दम नाही म्हणून मी नाही म्हणत नाहीये. कुठलाही उपाय ऐकला की एकच विचारायचं: त्या अभ्यासात मोजलं काय? रक्तातला आकडा, की तुला हवी असलेली गोष्ट?

पुदिन्याचंच घे. तुर्कस्तानात २००७ साली अंगावर जास्त केस असलेल्या २१ बायकांना पाच दिवस स्पिअरमिंटचा, म्हणजे एका जातीच्या पुदिन्याचा चहा दिला, तर रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरलं. मग ब्रिटनमध्ये २०१० साली पीसीओएस असलेल्या ४२ जणींवर महिनाभर चाचणी झाली. तिथेही टेस्टोस्टेरॉन उतरलं, बायकांना स्वतःलाही बरं वाटलं, पण तपासणीत केसांच्या वाढीचा स्कोअर मात्र हलला नाही. केसांचं चक्र महिनोन्‌महिन्यांचं असतं, महिनाभरात फरक दिसणं अवघडच. तेव्हा चहा आवडत असेल तर खुशाल पी, पण त्याच्या भरवशावर थ्रेडिंग बंद होईल असं धरून चालू नकोस.

बर्बेरिन या सगळ्यांत जास्त ताकदीचं. इन्सुलिन आणि साखरेवर त्याचा परिणाम खरोखर दिसतो. म्हणूनच चीनमध्ये ६४४ बायकांवर मोठी चाचणी झाली. त्या सगळ्यांना मूल हवं होतं. एका गटाला लेट्रोझोल, म्हणजे अंडं तयार व्हायला मदत करणारं औषध, एकाला बर्बेरिन, एकाला दोन्ही. बाळ जन्माला येण्याचं प्रमाण लेट्रोझोलवर ३६ टक्के, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ३४ टक्के आणि नुसत्या बर्बेरिनवर २२ टक्के. म्हणजे लेट्रोझोलच्या जोडीला बर्बेरिन देऊन काही वाढलं नाही. आकडा सुधारला म्हणजे सगळं सुधारलं असं नसतं, ते इथे लख्ख दिसतं.

आणि "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे बर्बेरिनच्या बाबतीत तर अजिबात खरं नाही. पोटात मुरडा, जुलाब हे नेहमीचंच. यकृतातली जी एन्झाइम्स बरीच औषधं मोडून काढतात त्यांच्यात ते ढवळाढवळ करतं, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीसोबत साखर जास्त उतरू शकते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गरोदरपणात ते घ्यायचं नाही, कारण बाळाच्या रक्तात मोकळं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य, वाढून मेंदूला धोका पोहोचू शकतो. पाळी अनियमित असली की दिवस राहिल्याचं उशिरा कळतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला जास्तच लागू आहे.

दालचिनीवरचे अभ्यास छोटे आहेत. बाजारातली जाड सालीची कॅसिया रोज चमचाचमचा घेतली तर त्यातलं कूमारिन यकृताला त्रास देऊ शकतं. स्वयंपाकात घाल, तेवढं पुरे.

आता व्यायाम. आपल्यापैकी बऱ्याच जणींमध्ये मूळ गोची इन्सुलिनला दाद न देण्याची असते. शरीर मग जास्त इन्सुलिन बनवतं, ते अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं बनवायला भाग पाडतं, आणि त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी होतं. मानेवर जो काळपट, मखमलीसारखा पट्टा येतो आणि घरचे मळ समजून घासायला लावतात, ती बहुतेक वेळा याचीच खूण असते. स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतो, आणि इन्सुलिनला दाद देण्याची त्याची क्षमता पुढचे एक-दोन दिवस सुधारलेली राहते. म्हणून रविवारी एकदम दोन तास घाम गाळण्यापेक्षा दिवसाआड थोडं थोडं बरं.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. तुझ्या दिनक्रमात बसेल असं सांगते: एक स्टॉप आधी उतरून झपझप चाल, ऑफिसचे जिने चढ. घरी हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठबस, दहा-दहाचे तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की छातीशी पाच लिटरचा भरलेला कॅन धर. भिंतीला हात टेकून पुशअप. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं फेरी.

योगाची आवड असेल तर तेही चालेल. आंध्र प्रदेशातल्या एका निवासी कॉलेजात पीसीओएस असलेल्या ९० मुलींवर बारा आठवडे अभ्यास झाला. एका गटाला योग, दुसऱ्याला साधा व्यायाम. टेस्टोस्टेरॉन आणि एएमएच (अंडाशयातून येणारं, पीसीओएसमध्ये वाढलेलं असणारं संप्रेरक) योगाच्या गटात जास्त सुधारलं.

व्यायामालाही तोच प्रश्न विचारायला हवा: आकडा सुधारला, की हवी असलेली गोष्ट? वजनाचा काटा फारसा हलत नाही, कंबर आणि दम आधी सुधारतो. पाळी नियमित होईलच अशी हमी नाही, हनुवटीचे केस तर नुसत्या व्यायामाने जात नाहीत. त्यासाठी लेझर किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच लागतात, आणि त्या घेण्यात कमीपणा काही नाही. मूल हवं असेल तेव्हा लेट्रोझोलसारखं औषध पहिल्यांदा. पण साखर, रक्तदाब, हृदय, झोप, मूड या सगळ्यांवर एकदम काम करणारी कॅप्सूल मला तरी अजून भेटलेली नाही.

मावशीने दिलेली बाटली पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि लेबल दाखव. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (हेही पाळी बिघडवू शकणारं एक संप्रेरक) यांची तपासणी झाली नसेल तर करून घे, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती साखरेची तपासणी माग, नुसती उपाशीपोटीची पुरत नाही. आणि पाळी तीन महिन्यांच्या पुढे गेली तर चहा-कॅप्सूलवर वाट बघत बसू नकोस. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही, तेव्हा गोळी देऊन पाळी आणावीच लागते.