केसपेपर दोन काढ

"मावशी, सासूबाईंना कसं समजावू?" असं विचारणारं तुझं चार पानी पत्र मिळालं. वय 28, माहेर लातूरचं, सासर अहमदपूरकडचं. दुसरं लेकरू 14 महिन्यांचं. बाळंतपण नॉर्मल, पण टाके बरेच पडले. तेव्हापासून खोकलं, शिंकलं, भरली घागर उचलली की लघवी सुटते. साडीखाली कापडाची घडी ठेवतेस. नणंदेच्या हळदीत बायांनी फुगडीला ओढलं, तर तू हात सोडवून आत जाऊन बसलीस आणि सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "आमच्या सुनेला लई तोरा हाय." नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाहीस.

सासूबाईंवरची साडेतीन पानं मी एकदा वाचली. त्यांना तुझं दुखणं ठाऊकच नाही, मग त्या तोराच म्हणणार. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे, ती मी पाच-सहा वेळा वाचली. "आईला सांगितलं तर ती म्हणाली, होतंच असतंय बायांना, मला न्हाई का तुझ्या वेळंपासून."

तुझ्या वेळेपासून. म्हणजे 28 वर्षं! आणि पुढच्याच ओळीत तू परत हळदीच्या मांडवात. अगं, थांबायचं होतंस ना तिथं.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आठवतं? त्या उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंत हंडे कुणी वाहिले? आमच्या गल्लीत तरी बायांनीच. तुझी आई त्यांत असणारच, आणि तेव्हाही तिला हे होतंच. खरं सांगू, तुझ्या आईची मला कीव आली नाही, राग आला. स्वतः अंगावर काढलं ते काढलं, वर लेकीलाही तेच औषध म्हणून दिलं.

"होतंच असतंय" यातलं अर्धं खरं आहे. पुष्कळ जणींना होतं. पण ते तसंच राहू द्यायचं असतं, हे कुणी सांगितलं? लेकराला आपण साडीची झोळी बांधतो ना, तशीच एक स्नायूंची झोळी पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, गुदाशय, सगळं तिच्यावर तोललेलं. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. नऊ महिन्यांचं ओझं आणि वर बाळंतपणाचा ताण, यानं ती सैल पडते, कधी फाटते. आपण बाळंतिणीला शेक देतो, डिंकाचे लाडू देतो, पोट बांधतो. या झोळीला मात्र कुणी विचारत नाही.

तिचे व्यायाम आहेत. अमेरिकेतल्या डॉ. आर्नॉल्ड केगल यांनी 1948 मध्ये ते मांडले, म्हणून केगल म्हणतात. गॅस अडवताना जे आत-वर ओढलं जातं, तेच ओढायचं, काही क्षण धरायचं, पूर्ण सोडायचं. साधारणपणे एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मोबाईलवर बघून लगेच सुरू करशील, म्हणून सांगते, करू नकोस. वर ओढण्याऐवजी खाली जोर देणाऱ्या, श्वास कोंडून मांड्या आवळणाऱ्या बाया कितीतरी असतात. त्यानं उलट बिघडतं. काहींचे स्नायू सैल नसून आखडलेले असतात, त्यांना आधी सोडायलाच शिकवावं लागतं. तुझं कुठलं, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात स्त्रीरोगाच्या ओपीडीत जा. "थोडा त्रास आहे" असं पुटपुटू नकोस. "खोकलं की लघवी सुटते, 14 महिने झाले" असं सरळ सांग. जीभ वळली नाही तर कागदावर लिहून पुढं कर. औषधाची चिठ्ठी घेऊन लगेच उठू नकोस, "व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा" असं आपणहून म्हण. आणि पाणी तोडणं आजपासून बंद. गावाला जायचं म्हणून सकाळपासून घोटभर पीत नाहीस, असं लिहिलंयस. त्यानं लघवी गडद होते, आग होते, घाई वाढते, शिवाय मलावरोध. कुंथलं की जोर पुन्हा त्याच झोळीवर.

आता आई. तिला नुसती गळती आहे की "अंग" बाहेर येतंय, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकतेय, हे तू विचारलंस का? नसशीलच. बसताना काहीतरी खाली ओघळल्यासारखं वाटतं का, लघवीला बसलं की बोटानं आत सारावं लागतं का, असं थेट विचार. अंग आलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. थोडं असेल तर व्यायाम, जास्त असेल तर आत बसवायची रिंग मिळते, नाहीच भागलं तर ऑपरेशन. पण कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाकू, मोकळं होईल" म्हणालं तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. लघवी गळते म्हणून गर्भपिशवी काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

ती येणार नाही म्हणतेस? स्वतःसाठी येणार नाहीच. "माझी तपासणी होईस्तोवर लेकरू कोण धरणार?" असं म्हण, पळत येईल. नवऱ्याला आदल्या रात्री सांग, गाडीभाड्यासाठी तरी सांगावंच लागेल. सोमवारी सकाळी लवकर निघा, रांग मोठी असते.

खिडकीवर आधी तुझं नाव दे. मग तिचं. ती तिथंच भांडेल, "मला काय झालंय गं?" म्हणेल, पदर तोंडाला लावेल. भांडू दे. दुसरा केसपेपर तिच्या हातात दे आणि लेकरू तू घे.