ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते, पण अँड्रॉइड अ‍ॅप आणि कर्ल (कमांड देऊन साइट उघडायचं टूल) म्हणतात सर्टिफिकेटवर, म्हणजे साइटच्या ओळखपत्रावर, भरवसा नाही. अ‍ॅपमधली तपासणी बंद करू का?

नका करू. लॅपटॉपवरच्या क्रोमची तक्रार नाही म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपलेली नाही, डोमेनचं नावही जुळतंय. बहुतेक मधली कडी गायब आहे.

आपल्या सर्टिफिकेटवर सही रूटची (सगळ्यात वरच्या, मूळ सर्टिफिकेटची) नसते, इंटरमीडिएटची (रूट आणि आपल्या मधल्या सर्टिफिकेटची) असते. फोनमध्ये रूट आधीपासून असतात. इंटरमीडिएट मात्र सर्व्हरनेच पाठवायचं असतं. ते नाही आलं तर डेस्कटॉपवरचा क्रोम सर्टिफिकेटमध्येच दिलेल्या पत्त्यावरून गुपचूप आणतो. अँड्रॉइड अ‍ॅप किंवा लिनक्सवरचा कर्ल एवढे लाड करत नाही.

खात्री करायला ओपनएसएसएल या टूलची एस-क्लायंट ही कमांड साइटच्या ४४३ पोर्टवर चालवा, सोबत शोसर्ट्स पर्याय द्या. 'सर्टिफिकेट चेन'खाली ० आणि १ अशा निदान दोन नोंदी हव्यात. फक्त ० दिसला आणि शेवटी व्हेरिफाय कोड २१ आला, की समजायचं इंटरमीडिएट येत नाहीये.

मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. फोनची तारीख तपासली, सर्टिफिकेट दोनदा नव्याने काढलं (काही गरज नव्हती). चूक निघाली एन्जिनएक्सच्या (आमच्या वेब सर्व्हरच्या) सेटिंगमधल्या एका ओळीत: सर्टबॉटने (सर्टिफिकेट काढून देणाऱ्या टूलने) दिलेल्या फायलींपैकी 'फुलचेन'ऐवजी 'सर्ट' लिहिली होती. बदललं, रीलोड केलं, अ‍ॅप चालू. सर्टिफिकेट विकत घेतलेलं असेल तर एकाच फाइलमध्ये आधी आपलं, खाली इंटरमीडिएट चिकटवा. क्रम उलटा झाला तर सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) जुळत नाही म्हणून एन्जिनएक्स सुरूच होणार नाही. रूट घालायची गरज नाही.

चेन पूर्ण असूनही फक्त जुने फोन अडत असतील तर गोष्ट वेगळी. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर ते रूट अ‍ॅपमध्येच भरा.

तपासणी बंद केली तर एन्क्रिप्शन राहतं, पण पलीकडे कोण आहे ते कळत नाही. हॉटेलच्या वायफायवर कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करेल आणि तुमचं अ‍ॅप मुकाट्याने पासवर्ड देईल. आमच्याकडे एकाने 'तात्पुरती' म्हणून लिहिलेली तशी ओळ पुढच्या दोन रिलीजमध्ये जशीच्या तशी गेली होती.

आणि दुरुस्तीनंतर कर्लने तपासा, क्रोममध्ये नाही. तो आधीही खूशच होता.