मॉडेलचं सोड, आधी फोटो कुठनं आणलेस ते बघ

मोबाईलच्या फोटोवरनं रानमोडीचं तण ओळखणारं मॉडेल, टेस्टला ९८ टक्के आणि बांधावर नेलं की समोर रानमोडी उभी असून 'नाही' म्हणतंय, हे तुझं वाचलं आणि आमचाच प्रोजेक्ट आठवला भावा. लर्निंग रेट, एपॉक असली ट्रेनिंगची सेटिंगं बदलत बसू नकोस, रोग तिथं नाही.

आम्ही फोटो एका सरकारी ऑफिसातनं घेतले होते (नाव घेत नाही, अजून तिथं जावं लागतंय). अर्ज, मग लेटरहेडवर अर्ज, मग साहेब मीटिंगला. शेवटी क्लार्कनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, सगळ्यांवर खाली ती जीपीएस कॅमेऱ्याची काळी पट्टी, नकाशा, तारीख, अक्षांश-रेखांश. आणि 'रानमोडी नाही' वाले फोटो आमचे स्वतःचे, त्यावर पट्टी नाही. ग्रॅड-कॅम (मॉडेल फोटोत कुठं बघतंय ते रंगानं दाखवणारं तंत्र) लावलं तर पानं सोडून सगळा लाल रंग पट्टीवर! पट्टी कापली, तरी उरलं काय, एकच उतार, एकच दुपार आणि एकेका झुडपाचे ढीगभर फोटो. रँडम स्प्लिट मारलं, म्हणजे फोटो कसेही वाटले, की तेच झुडूप ट्रेनमध्ये (शिकवायच्या फोटोंत), तेच टेस्टमध्ये (तपासायच्या फोटोंत), मग जास्त टक्के पडणारच की. बाकीच्या ठिकाणचे मागायला गेलो तर "दिले की एकदा, परत कशाला?" आणि नव्यानं अर्ज. रानमोडी फुलते साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, उत्तर आलं तोवर बी उडून गेलेलं. सीझन गेला.

म्हणून माझं मत, पटलं तर घे. राधानगरी अभयारण्यात फोटो काढायच्या परवानगीची वाट बघत बसू नकोस, रानमोडी काय जंगलातच असते होय? रस्त्याकडेला, गायरानात, पडीक रानात हवी तेवढी आहे. पन्हाळ्याकडचे फोटो ट्रेनला, गगनबावड्याकडचे टेस्टला, असं जागेवार वाटप कर. टक्के धाडकन खाली येतील, पण खरे तेच. फुलं नसतानाचेही काढ, पान जवळनं, देठापासून निघणाऱ्या तीन शिरा त्रिशूळासारख्या दिसल्या पाहिजेत. मी बॉटनीवाला नाही, त्यामुळं लेबलं जाणकाराकडनं तपासून घेच.

डीपवीड्स म्हणून ऑस्ट्रेलियाचा फुकट डेटासेट आहे, २०१९ चा, १७,५०९ फोटो, त्यात रानमोडी, घाणेरी, गाजरगवत तिन्ही मिळतील. पण सगळे क्लास (फोटोंचे गट) डोळे झाकून उचलू नकोस, तिकडं आपली बोरपण तणात धरलीय! शिकायचं एकच, त्यांचे निम्म्याहून जास्त फोटो 'यातलं काहीच नाही' असे आहेत. आपण नेमकं तिथं कंजूषपणा करतो.

आणि खाली कुणीतरी पंचगंगेतल्या केंदाळाचं (जलपर्णीचं) विचारलंय, त्याला फोन कशाला पाहिजे? सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, १० मीटरचा पिक्सेल, साधारण पाच दिवसांनी नवा. फक्त पावसाळ्यात नाद सोडा, ढगच ढग.